दंतपृष्ठाची स्वच्छता आणि तिचे मोजमाप

किडलेला दात भरण्यापूर्वी दंतवैद्य किडीचा भाग कोरून काढतो. कोरलेली जागा नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसते. परंतु ती तशी नसते. फिरत्या हत्याराखाली दाताचा चुरा, जंतू व प्रथिनांचे अवशेष यांचा एक थर त्या पृष्ठावर लिंपला जातो. ओल्या जमिनीवरून केरसुणी फिरविली असता माती निघण्याऐवजी सारवली जावी, तसाच हा प्रकार होय. या लेपथराची जाडी साधारणतः एक ते दोन मायक्रोमीटर असते, आणि भरलेले द्रव्य दातास चिकटण्याऐवजी या सैल थरासच चिकटले, तर ते टिकावे कसे? रोजगार बुडवून दात भरून घेणाऱ्या मजुरावर काही महिन्यांतच तोच दात पुन्हा दाखविण्याची पाळी येते.

१९९८ साली नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यापासून दंतवैद्यकाचे शिक्षण त्याच्याकडे गेले आहे. तथापि हा प्रश्न मुळात पृष्ठांचा व मोजमापाचा असल्याने पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकांना तो परका वाटू नये.

दाताच्या बाहेरील दंतवल्कात वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते, तर आतील दंतिनात सुमारे ७० टक्के. बाकीचे सेंद्रिय द्रव्य व पाणी. दंतिनातून असंख्य सूक्ष्मनलिका जातात व लेपथर त्यांची तोंडे बुजवितो. १९५५ साली बुनोकोर यांनी ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल तीस सेकंद लावून दंतवल्क खरबरीत केले व त्यावर राळ अधिक घट्ट बसते असे दाखविले. १९५७ साली नॉर्वेचे निगार्ड-ऑस्टबी यांनी दंतमुळाच्या नलिकेसाठी ईडीटीए हे कॅल्शियम बांधून घेणारे द्रव्य सुचविले. त्या नलिकेच्या भिंतीवरही लेपथर असतो, हे १९७५ साली मॅककोम्ब व स्मिथ यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले.

तेव्हापासून तुलनात्मक प्रयोगांची रीत जवळजवळ ठरून गेली आहे. काढलेले दात घ्यावयाचे, त्यांचे गट पाडून प्रत्येक गटास निराळे द्रावण द्यावयाचे, दात उभे चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे आणि कोणता दात कोणत्या गटातील हे ठाऊक नसलेल्या परीक्षकांकडून गुण देववावयाचे. निष्कर्ष बहुधा असा निघतो की, सोडियम हायपोक्लोराइट सेंद्रिय भाग विरघळविते, खनिज नव्हे. १७ टक्के ईडीटीए खनिज काढते, सेंद्रिय भाग नव्हे. दोन्ही क्रमाने वापरल्यास नलिकांची तोंडे उघडतात. मुळाच्या टोकाकडील तिसरा भाग मात्र जवळजवळ प्रत्येक प्रयोगात मळकट राहतो. तेथे वाट अरुंद असते आणि अडकलेला हवेचा बुडबुडा द्रावणास पुढे जाऊ देत नाही.

येथपर्यंत सारे सुबोध आहे. अडचण पुढेच येते. छायाचित्रात सर्वांत स्वच्छ दिसणारे पृष्ठ चिकटण्यास सर्वांत योग्य असतेच असे नाही. हायपोक्लोराइट शेवटी वापरल्यास मागे राहणारा ऑक्सिजन राळेच्या घट्ट होण्यास अडथळा करतो व जोड दुबळा पडतो. ॲस्कॉर्बिक आम्लाने, म्हणजे क जीवनसत्त्वाने, धुतल्यास तो पुष्कळसा सावरतो. ईडीटीए फार वेळ ठेवल्यास दंतिनच झिजू लागते. हायपोक्लोराइटवर क्लोरहेक्सिडिन ओतले, तर तपकिरी साका बसून उघडलेली तोंडे पुन्हा बुजतात. म्हणून ‘अमुक पद्धत सर्वोत्तम’ असे विधान वाचताच ती कशासाठी सर्वोत्तम, हे विचारले पाहिजे: डोळ्यास दिसणाऱ्या स्वच्छतेसाठी, जंतुनाशासाठी, की जोडाच्या बळासाठी? एका कसोटीचा निकाल दुसरीच्या खात्यावर मांडण्याची चूक या वाङ्मयात वारंवार आढळते.

दुसरी गोष्ट दातांच्या निवडीची. दात वेडेवाकडे म्हणून तरुणपणी काढलेली दाढ आणि वर्षानुवर्षे मिश्री घासलेल्या, झिजलेल्या दाढा यांचे दंतिन एकच नव्हे. वय व झीज यांबरोबर सूक्ष्मनलिका खनिजाने आपोआप भरत जातात, आणि अशा कठीण झालेल्या दंतिनावर आम्लाचा परिणाम कमी होतो. तरुण दातांवर ठरविलेली मिनिटे मिश्री लावणाऱ्या वृद्धेच्या दातास लागू पडतात काय, हे परदेशी कोष्टकांवरून ठरणारे नाही. कोल्हापूर जिल्ह्यात नवे पारगाव येथे दंतमहाविद्यालय आहे, मिश्रीची सवयही या भागास अपरिचित नाही, आणि प्रयोगास लागणारे दात दंतवैद्यांच्या खुर्चीशेजारी निघतात व बहुधा टाकून दिले जातात.