वाकड्या पावलाची मॅगी जगज्जेती झाली

मॅगी अल्फोन्सी. हे नाव आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. पण ज्या घरात मुलगी आहे, त्या प्रत्येक घरात तिची हकिकत वाचली जावी असे आम्हांला वाटते.

मॅगीचा जन्म १९८३ साली लंडनमध्ये झाला. कुटुंब मूळचे नायजेरियाचे. जन्मतःच एक पाऊल आत वळलेले, त्यामुळे तान्हेपणीच दवाखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. उत्तर लंडनमधील एडमंटन भागात, पालिकेने बांधलेल्या भाड्याच्या घरांच्या वस्तीत आईने तिला एकटीने वाढवले. शाळेत मॅगी खोड्या आणि भांडणे यांत अडकू लागली होती. पोरगी वाया जाणार, असे कुणी म्हटले असते तर नवल नव्हते.

पण त्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या लायझा बर्जेस. या बाई वेल्स देशाच्या महिला रग्बी संघाच्या कर्णधार. मुलीच्या अंगातली रग त्यांनी ओळखली आणि तिला मैदान दाखवले.

रग्बी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. एका बाजूला १५ खेळाडू. लांबट गोल चेंडू हातात धरून पळायचे आणि विरोधी संघाच्या रेषेपलीकडे टेकवायचा. हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही, मागच्या किंवा बाजूच्या साथीदारालाच द्यावा लागतो. चेंडू घेऊन पळणाऱ्याला मिठी मारून खाली पाडायचे, त्याला 'टॅकल' म्हणतात. आपल्या कबड्डीतल्या पकडीसारखेच समजा. या पकडीत मॅगीचा हात धरणारे कुणी नव्हते. लोक तिला 'मॅगी द मशीन' म्हणू लागले.

२००३ साली ती इंग्लंडकडून पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळली. 'सिक्स नेशन्स' ही युरोपातील सहा देशांची स्पर्धा इंग्लंडच्या मुलींनी २००६ ते २०१२ अशी सलग सात वर्षे जिंकली. विश्वचषक मात्र हुलकावणी देत राहिला. २००६ च्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडकडून हार. २०१० साली लंडनमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर पुन्हा न्यूझीलंडच, १३ विरुद्ध १० असा अवघ्या तीन गुणांनी पराभव. त्याच वर्षीचा ब्रिटनच्या रग्बी पत्रकारांचा मानाचा पुरस्कार मॅगीला मिळाला. तोवर तो एकाही स्त्रीला मिळाला नव्हता.

दोनदा तोंडचा घास गेला, तरी मॅगीने मैदान सोडले नाही. १७ ऑगस्ट २०१४ रोजी पॅरिसमध्ये इंग्लंडने कॅनडाला २१-९ असे हरवले आणि २० वर्षांनी विश्वचषक परत आणला. ७४ सामने खेळून मॅगी त्याच वर्षी निवृत्त झाली.

एक गोष्ट ध्यानात घ्या. हे सारे तिने केले तेव्हा इंग्लंडच्या महिलांना रग्बी खेळण्याचा पूर्णवेळ पगार नव्हता. २० मुलींना असे पगारी करार देण्याचे २०१४ च्या विजयानंतर ठरले. पेरणी मॅगीच्या पिढीने केली, पीक पुढच्या मुलींच्या हाती आले.

पुढे २०१५ च्या पुरुषांच्या विश्वचषकात ती टीव्हीवर जाणकार म्हणून बोलली, आणि २०१६ साली जागतिक रग्बीच्या सन्मान-दालनात तिचे नाव लागले. २०१० चा तो पराभव लंडनमधल्या एका लहान मैदानावर झाला होता. २७ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच्याच शेजारच्या ट्विकनहॅमच्या भव्य मैदानावर इंग्लंडच्या मुलींनी पुन्हा विश्वचषक जिंकला. तेव्हा ८१,८८५ प्रेक्षक हजर होते.

मायबापहो, पावलाचा दोष उपचाराने सुधारतो. पण 'पोरीच्या जातीला खेळ कशाला' हा मनातला दोष आपला आपणच काढावा लागतो. मॅगीला एक खंबीर आई मिळाली आणि पारखी नजरेच्या एक बाई मिळाल्या. तुमची लेक उद्या शाळेतून येऊन 'मला खेळायला जायचे आहे' म्हणाली, तर नाही म्हणण्याआधी ही हकिकत आठवा.