भिंतीला पाठ लावून पंचेचाळीस सेकंद

नोव्हेंबरमधला रविवार होता. फजर पढून आम्ही चौघी यारी रोडवरून वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उतरलो होतो. ओहोटी होती, वाळू ओली आणि घट्ट होती, हवाही बरी होती. बाराव्या किलोमीटरला आमच्यातली धाकटी एकदम चालू लागली.

"आपा, तुम्ही व्हा पुढे. गुडघा धरलाय."

आम्ही चौघी म्हणजे तीन शिक्षिका आणि एक शेजारीण. लांब कुर्ता, पूर्ण पँट, डोक्याला स्कार्फ अशा वेशात धावताना सुरुवातीला लोक वळून पाहायचे, मग तेही थांबले. जानेवारीतल्या टाटा मुंबई मॅरेथॉनमधल्या अर्ध मॅरेथॉनसाठी, म्हणजे २१.०९७ किलोमीटरसाठी, आम्ही नावे नोंदवली होती. धाकटीला घरून परवानगी मिळाली होती ती एका अटीवर: दुखणे घेऊन घरी यायचे नाही. त्या दिवशी रिक्षात बसताना तिने आमच्याकडून वचन घेतले की सासूबाईंसमोर कुणी काही बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी ती शाळेचा जिना कठड्याला धरून उतरत होती. लपणार तरी काय?

आमची पहिली समजूत अशी होती की पाय कच्चे आहेत, म्हणजे अजून धावायला हवे. ती चूक निघाली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला तपासले आणि काही दिवस अंतर निम्म्यावर आणायला सांगितले. वाळू समुद्राकडे उतरती असते. एकाच दिशेने धावत राहिले की एक पाय सतत खालच्या पातळीवर पडतो, म्हणून काही आठवडे सपाट रस्त्यावर धाव, असेही त्या म्हणाल्या. मग त्यांनी तिला भिंतीजवळ उभे केले. पाठ भिंतीला टेकवून, पाय दीड-दोन फूट पुढे ठेवून, खुर्चीत बसल्यासारखे खाली सरकायचे आणि तिथेच थांबायचे. खुर्ची मात्र नाही.

हे तिने स्टाफरूममध्ये करून दाखवले तेव्हा आम्ही हसून बेजार झालो. आमच्या लहानपणी शाळेत हीच शिक्षा होती! पाढे चुकले की भिंतीला 'खुर्ची'. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा करायला बंदी घातली, ती योग्यच. पण वर्गातून गेलेली खुर्ची आमच्या घरी अशी परत येईल, असे वाटले नव्हते.

या प्रकारच्या व्यायामाला आयसोमेट्रिक म्हणतात. ग्रीक भाषेत आयसो म्हणजे समान आणि मेट्रॉन म्हणजे माप. स्नायू जोर लावतो, पण सांधा हलत नाही आणि स्नायूची लांबी जवळजवळ तेवढीच राहते. भरलेली बादली हात न हलवता धरून उभे राहिलात तर दंडात जे होते, तेच. जर्मनीत हेटिंगर आणि म्युलर यांनी १९५३ मध्ये यावर लिहिले, तेव्हापासून याचा बोलबाला झाला. आपल्या महाराष्ट्रातला मल्लखांबपटू खांबावर आडवा होऊन स्थिर राहतो, तेव्हा त्याची ताकद याच जातीची असते.

पण पळणाऱ्याला न हलण्याचा उपयोग काय? हा प्रश्न आम्हालाही पडला होता. उत्तर पावलात आहे. हळू धावणाऱ्या माणसाची एका किलोमीटरला हजाराहून अधिक पावले पडतात, म्हणजे अर्ध मॅरेथॉनमध्ये वीस हजारांच्या वर, आणि प्रत्येक वेळी सगळा भार एकाच पायावर येतो. पाय टेकतो त्या क्षणी पोटरीचा स्नायू फारसा आखडत किंवा लांबत नाही, तो घट्ट धरून राहतो. त्याला टाचेशी बांधणारी कंडरा मात्र रबरासारखी ताणते आणि परत उसळून आपल्याला पुढे ढकलते. स्नायूची पकड ढिली पडली की हा सगळा हिशेब बिघडतो. मग गुडघा आणि कंबर उसनवारी करू लागतात. पहिल्या पाच किलोमीटरला हे कळत नाही. पंधराव्यानंतर कळते.

आम्ही काय करत होतो ते सांगतो. भिंतीची खुर्ची ४५ सेकंद, मग दोन मिनिटे विश्रांती, असे चार-पाच वेळा, आठवड्यातून तीन दिवस. पोटरीसाठी ओट्याला बोटे टेकवून, गुडघे किंचित वाकवून, चवड्यांवर उभे राहायचे आणि टाचा वर तशाच धरायच्या. हे दूध उतू जायची वाट पाहताना होते, वेगळा वेळ काढावा लागत नाही. पुढे एका पायावर. उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलून धरायची, सवय झाल्यावर एक पाय सरळ करून. आणि एका कुशीवर, कोपरावर शरीर तोलून धरायचे. हे आम्हाला सर्वांत जड गेले, कारण कमरेच्या बाजूचे स्नायू दिवसभर कुणी वापरतच नाही. जागा लागते एका जानमाजेएवढी. वर्सोव्यातल्या छोट्या खोलीत, मुले अभ्यास करत असतानाही हे जमते. ज्या बहिणींना पहाटे बाहेर पडणे शक्य नाही, त्यांनाही जमेल.

दोन गोष्टी ठेच खाऊन शिकलो. आमच्यातल्या एकीने चुरशीने तीन मिनिटे खुर्ची धरली आणि दोन दिवस जिना चढताना अल्लाहचे नाव घेत राहिली. दुसरी गोष्ट श्वासाची. जोर लावताना माणूस नकळत श्वास कोंडतो आणि रक्तदाब एकदम चढतो. म्हणून आम्ही मोठ्याने आकडे मोजतो, श्वास आपोआप सुटतो. धाकटीची मुलगी आमच्याबरोबर उर्दूत मोजायची, पंचेचाळीसपर्यंतचे आकडे तिला त्यातच पाठ झाले. शिवाय ज्या कोनात पाय धराल, त्या कोनाच्या आसपासच ताकद वाढते. म्हणून कधी उथळ बसायचे, कधी खोल.

दुखण्याचे म्हणाल तर मोठे दावे आम्ही करणार नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा दुखणाऱ्या व्हॉलीबॉल खेळाडूंकडून ४५ सेकंदांचे पाच 'धरून ठेवणे' करवले, तेव्हा त्यांची वेदना लगेच उतरली आणि पाऊण तास तशीच राहिली. खेळाडू मात्र सहाच होते, आणि पुढच्या सगळ्या अभ्यासांत एवढा गुण आला नाही. धाकटीला गुण यायला पाच आठवडे लागले. त्यात भिंतीचा वाटा किती आणि कमी केलेल्या अंतराचा किती, हे तिलाही सांगता येणार नाही. पाय सुजला, रात्री ठणकू लागला तर भिंत नको, डॉक्टर गाठावा.

जानेवारीत पहाटेच्या अंधारात आम्ही माहीमहून निघालो. सी लिंकवर वारा होता, हाजी अलीजवळ समुद्र डाव्या-उजव्या कुठल्या बाजूला आहे याचेही भान उरले नव्हते. पुढे पेडर रोडचा चढ. पाय थकलेले असतानाच तो येतो, हीच त्याची खोड. धाकटी अर्धा चढ धावली, अर्धा चालली. गुडघ्याने तक्रार केली नाही, दम मात्र संपला होता. मरीन ड्राइव्हवर तिने आम्हाला मागे टाकले.

घरी सासूबाईंनी पदक हातात घेऊन पाहिले आणि विचारले, "आता ती भिंत सोडणार ना?" तिने सोडली नाही. उलट, सासूबाईंनाच सोबत घेतले. त्यांना रक्तदाब आहे. २०२३ मध्ये ब्रिटिश क्रीडावैद्यक पत्रिकेत २७० चाचण्यांचा एकत्रित आढावा छापून आला, त्यात विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब उतरवण्यात आयसोमेट्रिक व्यायाम इतर व्यायामांपेक्षा सरस ठरले होते. तरी आधी डॉक्टरांना विचारले. गोळी बंद करायची नाही, बसायचे ते उथळ आणि थोडाच वेळ, या अटींवर ते हो म्हणाले.

रमजानमध्ये आमचे लांब धावणे बंद असते. रोज्यात घाम गाळून तहान वाढवण्यात शहाणपण नाही. इफ्तारनंतर पोट हलके झाले की तरावीहच्या आधी दहा मिनिटे भिंतीपाशी जातात. आता फोनवरचे घड्याळ सासूबाई धरतात, आणि चाळीसला पोहोचल्यावर मुद्दाम हळू मोजतात, अशी धाकटीची तक्रार आहे.