‘सरकारी कर्ज’ : हमी कोणाची, कोणाला?

आर्थिक मजकूर मराठीत आणताना ‘सरकारी कर्ज’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. सरकारने स्वतः दिलेले कर्ज आणि सरकारने हमी घेतलेले कर्ज या भिन्न गोष्टी आहेत. शिवाय हमी घेतली असली, तरी ती नेमकी कोणाला दिली, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेतील ‘५०४ कर्जयोजना’ या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

१९५३ मध्ये स्थापन झालेले तेथील लघुउद्योग प्रशासन ही योजना चालविते. १९५८ च्या लघुउद्योग गुंतवणूक कायद्यातील कलमाच्या क्रमांकावरून तिला हे नाव मिळाले. उद्योजकाला स्वतःच्या वापरासाठी जमीन, इमारत वा अवजड यंत्रसामग्री घेता यावी, हा तिचा हेतू आहे. खेळत्या भांडवलासाठी ती नाही.

समजा, एका बेकरीचालकाला दहा लाख डॉलरची इमारत घ्यावयाची आहे. सर्वसाधारणपणे पाच लाख बँक देते, चार लाख प्रमाणित विकास संस्था देते आणि एक लाख तो स्वतः घालतो. व्यवसाय नवा असेल, तर त्याचा वाटा वाढतो. विकास संस्थेकडे हा पैसा कर्जरोख्यांतून येतो आणि सरकारची हमी असते ती या रोख्यांना. बँकेच्या पाच लाखांना हमीचा एक डॉलरही लाभत नाही. ‘सेव्हन ए’ या दुसऱ्या योजनेत मात्र बँकेच्याच कर्जाच्या काही भागाला हमी असते. दोन्ही कर्जांना ‘सरकारी’ म्हटले, की हा फरक पुसला जातो.

मग बँक या भागीदारीत का उतरते? याचे उत्तर ‘बोजा’ या शब्दात आहे. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यामुळे हा शब्द आपल्या घराघरांत परिचित आहे. येथे इमारतीवर पहिला बोजा बँकेचा आणि दुसरा विकास संस्थेचा असतो. कर्ज थकले आणि इमारत सात लाखांनाच विकली गेली, तर (व्याज व विक्रीखर्च बाजूला ठेवल्यास) बँकेचे पाच लाख आधी फिटतात. उरलेले दोन लाख दुसऱ्या बोजाकडे जातात आणि तूट सरकारी हमीवर पडते. बँकेच्या मुद्दलाला धक्का लागण्यासाठी इमारतीची किंमत निम्म्याहून खाली यावी लागेल. म्हणजे बँकेचे संरक्षण हमीत नसून क्रमात आहे.

परंतु आरंभीचा काळ बँकेसाठी जोखमीचा असतो. कर्जरोखे व्यवहार पूर्ण झाल्यानंतरच विकले जातात. तोवर विकास संस्थेचा वाटाही अंतरिम कर्ज म्हणून, बहुधा बँकच, उचलते. आपल्या उदाहरणात काही काळ तिचे नऊ लाख अडकलेले असतात. दरम्यान उद्योजकाची आर्थिक स्थिती ढासळली, तर रोख्यांची विक्री अडू शकते आणि ते चार लाख बँकेच्याच गळ्यात राहतात. म्हणून अनुभवी बँका कर्जमंजुरीच्या पत्रातील अटी अंतरिम रक्कम देण्यापूर्वी एकेक करून तपासतात.

‘अंतरिम’ या विशेषणाचा अनुवाद काही विद्यार्थी ‘तात्पुरते’ असा करतात. अर्थ चुकत नाही, पण कर्ज किरकोळ असल्याचा भास होतो. त्यापेक्षा ‘मधल्या काळातील कर्ज’ हा शब्दप्रयोग मला अधिक प्रामाणिक वाटतो.