स्लाइपनिर : जन्मकथा आणि आधुनिक पुनर्कथने

नॉर्स पुराणकथांत स्लाइपनिर हा ओडिन या प्रमुख देवाचा आठ पायांचा करडा घोडा होय. त्याची जन्मकथा आइसलँडचा पंडित स्नोरी स्टुर्लुसोन याने तेराव्या शतकात आपल्या गद्य ‘एड्डा’मध्ये सांगितली आहे. देवांच्या निवासाभोवती तट बांधण्याच्या मोबदल्यात एक गवंडी फ्रेया ही देवी आणि चंद्रसूर्य मागतो. एका हिवाळ्यात हे काम पुरे होणे नाही, या भरवशावर देव त्याला शपथपूर्वक वचन देतात. तथापि स्वादिलफारी या आपल्या घोड्याच्या बळावर तो तट जवळजवळ पुरा करतो. तेव्हा लोकी घोडीचे रूप घेऊन त्या घोड्याला भुलवून नेतो. काम अडते, गवंडी हा राक्षस असल्याचे उघड होते आणि थोर त्याचा वध करतो. पुढे लोकीच्याच पोटी स्लाइपनिर जन्म घेतो. देवांनी आपल्या शपथा मोडल्या, हे स्नोरी लपवीत नाही.

याच घोड्यावरून हेर्मोड नऊ रात्री प्रवास करून मृत बाल्डरला परत मागण्यासाठी मृत्युलोकी जातो. स्लाइपनिर तेथील फाटकावरून सहज झेप घेतो. परंतु बाल्डर काही परत येत नाही. अश्वांत श्रेष्ठ असलेला हा घोडा देवांच्या वचनभंगातून जन्मलेला आहे, आणि त्याच्या वेगालाही मृत्यूचा निर्णय फिरविता येत नाही. या दोन गोष्टींमुळेच त्याची कथा निव्वळ अद्भुताच्या पलीकडे जाते.

आधुनिक पुनर्कथनांची कसोटी येथेच लागते. 2011 च्या ‘थोर’ या चित्रपटात ओडिन आठ पायांच्या घोड्यावरून राक्षसभूमीत अवतरतो. दृश्य भव्य आहे. परंतु येथे लोकी हा ओडिनचा दत्तक पुत्र ठरल्याने मूळ जन्मकथेला जागाच उरत नाही, आणि घोडा हे केवळ वैभवाचे चिन्ह होते. उलट नील गेमन याने 2017 मधील ‘नॉर्स मिथॉलॉजी’त ती कथा राखली आहे. लोकीच्या मागे आईमागे फिरावे तसे शिंगरू फिरते, असे तो मिस्कीलपणे दाखवितो. त्या विनोदात लोकीची नामुष्की आणि त्याचे मातृत्व दोन्ही शाबूत राहतात.

पुनर्कथनकाराला निवडीचे स्वातंत्र्य असतेच. मात्र जन्मकथा गाळली, की स्लाइपनिरचे आठ पाय तेवढे उरतात; देवांनी त्याच्यासाठी मोजलेली किंमत दिसेनाशी होते.