इंजिन बंद पडलं तर हेलिकॉप्टरचे कंट्रोल्सही बंद पडतात का? सिम्युलेटरमध्ये जे दिसतं ते कितपत खरं?

कॉम्प्युटरवर हेलिकॉप्टर उडवणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो. हवेत इंजिन बंद केलं तरी हेलिकॉप्टर जॉयस्टिकचं ऐकत राहतं. मग हायड्रॉलिक्सला ताकद मिळते कुठून? ही सिम्युलेटरची चूक आहे का?

तर नाही. समजून घेऊया.

हायड्रॉलिक्सचं काम काय?

पायलट दांडा हलवतो तेव्हा डोक्यावरच्या पात्यांचा कोन बदलतो. फिरणारी पाती त्याला उलट जोर लावतात. रॉबिन्सन आर22 सारख्या छोट्या हेलिकॉप्टरमध्ये हा जोर हातानेच पेलता येतो, म्हणून त्यात हायड्रॉलिक्स नसतंच. मोठ्या हेलिकॉप्टरमध्ये पंप तेलावर दाब निर्माण करतो आणि त्या दाबावर चालणारे सर्व्हो पायलटच्या हाताला मदत करतात. गाडीच्या पॉवर स्टीअरिंगसारखंच.

मग इंजिन बंद पडल्यावर काय होतं?

इथेच खरी गंमत आहे. हा पंप सहसा मुख्य गिअरबॉक्सवर चालतो आणि गिअरबॉक्स रोटरला जोडलेला असतो. इंजिन बंद पडल्यावर पायलट कलेक्टिव्ह खाली करतो. हेलिकॉप्टर खाली येताना वर येणारी हवा रोटरला फिरवत ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. रोटर फिरतोय तोवर पंप चालतो आणि कंट्रोल्स हलके राहतात. जमिनीवर रोटर थांबला की दाब जातो आणि दांडा जड होतो.

आणि पंपच बिघडला तर?

ते हेलिकॉप्टरवर अवलंबून आहे. व्हिएतनाम युद्धात गाजलेल्या 'ह्युई'मध्ये, म्हणजे यूएच-1 मध्ये, एकच हायड्रॉलिक यंत्रणा आहे. ती गेली तरी हेलिकॉप्टर उडवता येतं, पण हातांना चांगलाच जोर लावावा लागतो. अशा वेळी हवेत एका जागी थांबणं अवघड असतं, म्हणून विमानासारखं थोडं घसरत उतरतात. एएस350 मध्ये सर्व्होजवळ दाब साठवलेला असतो. तो थोडाच वेळ पुरतो. तेवढ्यात पायलटने सुरक्षित वेग गाठायचा असतो. ब्लॅक हॉकसारख्या अवजड हेलिकॉप्टरमध्ये नुसत्या हाताच्या ताकदीवर भागत नाही, म्हणून एकापेक्षा जास्त यंत्रणा असतात.

सिम्युलेटर कुठे कमी पडतो?

घरच्या जॉयस्टिकमध्ये साधी स्प्रिंग असते. तिचा जोर कायम तोच. त्यामुळे 'दांडा जड झालाय' हे हाताला कळवण्याचा मार्गच प्रोग्रामकडे नसतो. मग फार तर स्क्रीनवरचा दांडा हळू किंवा कमी हलवून दाखवता येतो. फोर्स फीडबॅक जॉयस्टिकमधल्या मोटर्स हा फरक थोडाफार जाणवून देतात.

पायलट प्रशिक्षणाच्या मोठ्या सिम्युलेटरमध्ये 'कंट्रोल लोडिंग' नावाची यंत्रणा असते. ती दांड्यावर खऱ्या हेलिकॉप्टरइतका जोर उलट लावते. भारतात बंगळुरूच्या हॅट्सऑफ अकादमीत हेलिकॉप्टर पायलट अशा मोठ्या सिम्युलेटरवर शिकतात.

याने फरक काय पडतो?

हायड्रॉलिक्स गेल्यावर काय करायचं, हे पाठ असून पुरत नाही. दांडा अचानक जड झाला की घाबरून जास्त जोर लावला जातो आणि हेलिकॉप्टर एका बाजूला कलंडू शकतं. हलक्या जॉयस्टिकवर शिकलेल्याला प्रक्रिया कळते, पण हाताला त्या वजनाची ओळख नसते. म्हणूनच हा सराव हवेत करण्याआधी जमिनीवर, खऱ्या जोराशी झुंजत करून घेतला जातो.