अंतर बदलले की अवस्था बदलते

पाण्याचा बर्फ होतो तो तापमान उतरल्यामुळे. पण इलेक्ट्रॉनांची एक व्यवस्था अशी आहे, की तापमान तेच ठेवून नुसते अंतर बदलले तरी तिची अवस्था पालटते.

गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकात काही नॅनोमीटर अंतरावर इलेक्ट्रॉनांचे दोन पातळ थर तयार करायचे, ते निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड करायचे आणि थरांना लंब दिशेने तीव्र चुंबकीय क्षेत्र लावायचे. क्षेत्र असे निवडायचे, की प्रत्येक थरातली सर्वांत खालची लँडाऊ पातळी, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातल्या इलेक्ट्रॉनांची सर्वांत खालची ऊर्जापातळी, निम्मीच भरेल.

थर दूर असले तर दोघांचा एकमेकांशी संबंध राहत नाही. या टोकाचे वर्णन जैनेंद्र जैन यांनी 1989 मध्ये मांडलेल्या ‘कॉम्पोझिट फर्मिऑन’च्या कल्पनेने करता येते. प्रत्येक इलेक्ट्रॉन चुंबकीय फ्लक्सचे दोन पुंज स्वतःशी बांधून घेतो आणि या नव्या कणांना सरासरी चुंबकीय क्षेत्र जाणवतच नाही. ते धातूतल्या इलेक्ट्रॉनांसारखे वागतात, असे हॅल्पेरिन, ली आणि रीड यांनी 1993 मध्ये दाखवले.

थर अगदी जवळ आले, की एका थरातल्या इलेक्ट्रॉनसमोर दुसऱ्या थरात रिकामी जागा येते. या जोडीला म्हणतात एक्सायटॉन. दोन्ही थरांत समान पण उलट दिशांचे प्रवाह सोडले, की या जोड्या वाहू लागतात. जोडीवर एकूण विद्युतभार शून्य असल्याने प्रवाहाला आडवे निर्माण होणारे हॉल व्होल्टेज जवळपास नाहीसे होते. कॅलटेक आणि प्रिन्स्टन येथील गटांनी 2004 मध्ये हे मोजले.

खरा पेच मधल्या अंतरांचा आहे. एक अवस्था संपून दुसरी एकदम सुरू होते का? सोडेमन, किमची, वांग आणि सेंथिल यांनी 2017 मध्ये वेगळे उत्तर सुचवले. दोन थरांतले कॉम्पोझिट फर्मिऑन अतिवाहकातल्या इलेक्ट्रॉनांप्रमाणे सैल जोड्या बांधतात आणि अंतर घटेल तशा त्या घट्ट होत एक्सायटॉनांत मिसळून जातात. म्हणजे मध्ये भिंत नाही, सलग वाट आहे. चुंबकीय क्षेत्र बदलणे हेही तुलनेने थरांतले अंतर बदलण्यासारखेच असते; ग्राफीनच्या दोन थरांत ते बदलून अशी सलग वाट 2022 मध्ये प्रयोगातही दिसली.

राजस्थानातल्या सांभरचे जैन आणि अशा द्विस्तरांवर अनेक वर्षे प्रयोग करणारे जेम्स आयझेनस्टाइन यांना मोटी हायब्लुम यांच्यासह 2025 चा भौतिकशास्त्राचा वुल्फ पुरस्कार मिळाला.