गृध्रसी : कळ पायांत, मूळ कण्यांत

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जात असतां पाहणारास प्रथम दिसतात त्या माणसांच्या दोन रांगा. दोर हातीं धरून, पाठ मागें झुकवून, वाळूंत टाचा रोवीत रापणकर तें भलेंमोठें जाळें पावलापावलानें कांठाकडे आणतात. किनारा सोडून थोडें आंत गेलें कीं चिरेखाणीवर जांभ्याचे चिरे उचलणारे मजूर दिसतात, आणि पावसाळ्यांत चिखलांत दिवसभर ओणव्यानें भाताची लावणी करणाऱ्या स्त्रिया. या सर्वांच्या श्रमाचा भार शेवटीं शरीराच्या एकाच जागीं येऊन पडतो. ती जागा म्हणजे कंबर. दिवसभर खुर्चीवर बसून काम करणाराची कंबरही या भारांतून सुटलेली नाहीं. म्हणूनच नितंबापासून निघून मांडीच्या मागील बाजूनें पोटरींत व थेट टाचेपर्यंत विजेसारखी उतरणारी कळ रापणकरास येते, तशीच शहरांतील कारकुनासही येते. पाय दुखतो म्हणून पायास तेल चोळलें जातें. परंतु दुखण्याचें मूळ बहुधा पायांत नसतें, तें कण्यांत असतें.

आपल्या प्राचीन वैद्यकानें या विकारास 'गृध्रसी' असें नांव दिलें. गृध्र म्हणजे गिधाड. रोग्याच्या लंगडत्या चालीवरून हें नांव पडलें असें सांगतात. नितंबांतून निघालेली वेदना कंबर, मांडी, गुडघा, पोटरी व पाऊल यांकडे कशी पसरते, हें चरकसंहितेंत क्रमानें दिलें आहे. सुश्रुतानें दिलेली खूण तर विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे: या विकारांत पाय उचलून पुढें टाकण्याची क्रियाच अडते. आजचा डॉक्टर रोग्यास उताणें निजवितो व गुडघा न वांकवितां त्याचा पाय हळूहळू वर उचलून पाहतो. तसें करतांना पायांत कळ उतरली, तर मज्जातंतु दाबला गेल्याची शंका बळावते. ही परीक्षा फ्रेंच वैद्य लासेग याच्या नांवानें ओळखली जाते; त्याच्या शिष्यानें ती १८८१ सालीं प्रसिद्ध केली. सुश्रुताची खूण तिच्याशीं पुष्कळ अंशीं जुळते.

मात्र हें दुखणें सांध्याचें नसून मज्जातंतूचें आहे, असें युरोपांत स्पष्टपणें मांडलें तें नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यानें, १७६४ सालीं. मज्जातंतु दाबतो कशानें, या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास आणखी १७० वर्षें लागलीं. १९३४ सालीं अमेरिकेंतील बोस्टन येथील मिक्स्टर व बार या दोघां शस्त्रवैद्यांनीं दाखवून दिलें कीं, दोन मणक्यांमधील चकती फाटून तिच्यांतील मऊ भाग बाहेर आला म्हणजे तो मज्जातंतूच्या मुळावर दाब आणतो.

ही चकती कशी असते, हें नारळाच्या प्रदेशांत समजावणें अवघड नाहीं. तिचें बाहेरचें कडें काथ्याच्या वेढ्यांसारखें चिवट असतें, आणि आंतला गाभा शहाळ्यांतील कोवळ्या सायीसारखा मऊ. वय, वारंवार वांकणें, वांकलेल्या स्थितींत कंबर पिळून ओझें उचलणें, यांनीं कडें झिजतें व एखाद्या वेळीं चिरतें. कंबरेच्या खालच्या दोन चकत्यांत हा प्रकार सर्वांत अधिक घडतो. आणि तेथूनच निघणाऱ्या मुळांच्या जुडग्यानें सायटिक मज्जातंतु बनतो. शरीरांतील हा सर्वांत जाड मज्जातंतु, जवळजवळ अंगठ्याएवढा रुंद. मूळ दाबलें कंबरेंत, पण मेंदूस भास होतो पायांतील कळेचा. उतारवयांत मणक्यांतील पोकळी अरुंद झाल्यानेंही हीच पीडा होते.

अशा वेळीं मनुष्य हाताच्या उपचाराकडे वळतो, हें स्वाभाविक आहे. कंबरेंत उसण भरली असतां पायाळू माणसाचा, म्हणजे जन्मतांना ज्याचे पाय आधीं बाहेर आले अशाचा, पाय कंबरेस लावून घेण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. हाडवैद्याकडे जाणेंही तसेंच जुनें. अमेरिकेंत याच ओढींतून एक संप्रदाय उभा राहिला. आयोवा प्रांतांतील डॅव्हनपोर्ट गांवीं डॅनियल डेव्हिड पामर यानें १८९५ सालीं हार्वी लिलार्ड नांवाच्या एका बहिऱ्या झाडूवाल्याच्या पाठीचा मणका दाबला व त्यास ऐकूं येऊं लागलें, असें जाहीर केलें. हात व क्रिया अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून या पद्धतीस 'कायरोप्रॅक्टिक' हें नांव मिळालें. १८९७ सालीं पामरची शाळाही निघाली. जागचे सरकलेले मणके हेच बहुतेक रोगांचें मूळ, हें त्याचें मत पुढील संशोधनास उतरलें नाहीं. पण कंबरेवरील हस्तोपचार टिकला, आणि त्याची परीक्षाही झाली.

ती परीक्षा काय सांगते? कण्यास झटका दिला असतां जो 'कट्' असा आवाज येतो, तो हाड जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यांतील द्रवावरचा दाब एकाएकीं उतरून त्यांत वायूची पोकळी होते, त्याचा तो आवाज. बाहेर आलेली चकती त्या झटक्यानें आंत ढकलली जात नाहीं. मात्र आखडलेले स्नायु सैल होतात, हालचाल मोकळी होते व वेदनेची तीव्रता कांहीं काळ उतरते. इटलींत २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या, १०२ रोग्यांवरील प्रयोगांत खऱ्या हस्तोपचारानें शेंकडा ५५ जणांची पायांतील कळ गेली. लटक्या उपचारानें शेंकडा २० जणांची. एवढ्या लहान प्रयोगावरून मोठा निष्कर्ष काढतां येत नाहीं. ब्रिटनच्या राष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शिकेनेंही २०१६ सालीं हस्तोपचारास मान्यता दिली ती व्यायामाच्या जोडीनेंच.

येथें दुसरीही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. हें दुखणें पुष्कळदां आपण होऊन ओसरतें. बाहेर आलेला चकतीचा भाग शरीर हळूहळू जिरवून टाकतें. हॉलंडमध्यें १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत १८३ रोग्यांपैकीं कांहींना दोन आठवडे अंथरुणावर ठेवलें व इतरांना हिंडूंफिरूं दिलें. १२ आठवड्यांनंतर दोन्ही गटांत शेंकडा ८७ जणांस आराम होता. पडून राहिल्यानें अधिक लाभ झाला नाहीं. त्याच देशांत २००७ सालीं २८३ रोग्यांच्या पाहणींत शस्त्रक्रियेनें कळ लवकर थांबली, परंतु वर्षाअखेर दोन्ही गटांत शेंकडा ९५ जण बरे झाले होते. दुसऱ्या गटांतील कांहींना पुढें शस्त्रक्रिया लागलीच. म्हणजे सहाव्या आठवड्यांत ज्याचा हात कंबरेस लागला, त्याच्या पदरीं यश पडतें. मग तो हात तेलवाल्याचा असो, पायाळूचा पाय असो, कीं कायरोप्रॅक्टरचा झटका असो.

हा गैरसमज निरुपद्रवी असता तर त्याची चर्चा करण्याचें कारण नव्हतें. पण थोड्या रोग्यांच्या बाबतींत वेळ फार मोलाचा असतो. लघवी अडणें किंवा नकळत होणें, शौचावरील ताबा सुटणें, बसण्याच्या जागीं बधिरपणा येणें, दोन्ही पायांत एकदम कळ वा दुर्बलता येणें, या खुणा दिसतांच कोणासही कंबर दाबूं देऊं नये. कण्याच्या तळाशीं असलेला मज्जातंतूंचा झुबकाच तेव्हां दाबला गेलेला असूं शकतो; शस्त्रक्रियेस विलंब झाल्यास हानि कायमची राहते. मालवणसारख्या ठिकाणाहून ओरोसचें जिल्हा रुग्णालय किंवा गोव्यांतील बांबोळीचें इस्पितळ गांठावयाचें, तर प्रवासांतच वेळ जातो. त्यांत "आधीं दाबून पाहूं" म्हणून घालविलेली एक रात्र भारी पडते. पाऊल लुळें पडणें, ताप, वजन घटणें, पूर्वींचा कर्करोग, पडल्याचा मार, ठिसूळ हाडें, यांपैकीं कांहीं असल्यासही प्रथम तपासणीच हवी.

भारतांत कायरोप्रॅक्टिकसाठीं स्वतंत्र वैधानिक परिषद नाहीं. फिजिओथेरपीचा समावेश मात्र २०२१ च्या कायद्यांत झाला आहे. म्हणून हस्तोपचार करूं इच्छिणारानें उपचारकाचें शिक्षण विचारावें, आणि झटका देण्यापूर्वीं तो पाय उचलून पाहतो कीं नाहीं, बोटांची शक्ति व बधिरपणा तपासतो कीं नाहीं, लघवीविषयीं विचारतो कीं नाहीं, इकडे लक्ष द्यावें. जो न विचारतां पाठीवर हात टाकतो, त्याच्यापुढून उठून जावें. बाकीच्या रोग्यांनीं झेपेल तितकें चालावें, डॉक्टरच्या सल्ल्यानें वेदनाशामक घ्यावें, कळ उतरूं लागतांच कंबरेचे व्यायाम आरंभावे, आणि ओझें उचलतांना गुडघे वांकवून तें अंगाजवळ धरावें. सहा ते बारा आठवड्यांचा धीर बहुतेकांस पुरतो. ज्यांस तो पुरत नाहीं त्यांच्यासाठीं पुढील उपाय आहेत, आणि ते कोणते हें तपासणीनंतरच ठरतें.